वीजबिलातली एक ओळ आणि राज्याचं बजेट

प्रश्न थोडक्यात असा होता: "आमचे सोलापुरात अक्कलकोट रोडला बारा माग आहेत, टॉवेल काढतो. मी अर्थशास्त्रात एम.ए. करतोय. सरकारनं अनुदानं बंद करावीत, कर कमी करावेत, बाजारात हात घालू नये, हे मला मनापासून पटतं. पण घरी बोललो की वडील विचारतात, विजेची सवलत गेली तर तू माग चालवून दाखवणार का? खुल्या बाजाराचा विचार राज्याच्या बजेटला लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं आणि आपल्या शहराला ते झेपेल का?"

आधी वडिलांचा प्रश्न घेतो, कारण तो तुमच्या प्रश्नापेक्षा जास्त नेमका आहे. फुकट काही द्या असं ते म्हणत नाहीत. आजच्या वीजदरावर त्यांनी टॉवेलचा किलोचा भाव ठरवलाय, त्या भावानं ऑर्डर घेतलीय, सूत उचललंय. उद्या दर बदलला तर मधला फरक कोण सोसणार, एवढंच ते विचारताहेत. म्हणून अनुदान हवं की नको इथून सुरुवात केली तर वाद वाढेल, उत्तर मिळणार नाही. मी सुरुवात वेगळीकडून करतो: सरकारनं कशाचा भाव वाकवलाय, कोणाच्या खिशातून, किती दिवसांसाठी, आणि हे सगळं कुठं लिहिलेलं दिसतं का?

मी राज्याच्या वित्त व लेखा सेवेत 31 वर्षं काढली. कोषागारात होतो, जिल्हा परिषदेत होतो, काही वर्षं एका महामंडळात. निवृत्तीनंतर पूर्व भागातल्या तीन टॉवेल कारखान्यांचे हिशेब बघतो. पैसा निघतो ते टोक मी पाहिलंय आणि पोचतो ते टोक आता रोज पाहतोय. माझा कल तुमच्यासारखाच खुल्या बाजाराकडे आहे. मात्र तुमच्या घराचं काय होईल हे तुमचा जोडभार (वीज जोडणीची मंजूर क्षमता) 27 हॉर्सपॉवरच्या आत आहे की वर, डाईंग स्वतःचं आहे की बाहेरून करून घेता, माल देशात जातो की निर्यातीला, आणि बँकेचं कर्ज किती, यावर ठरेल. ते मला माहीत असल्याशिवाय छातीठोकपणे काही सांगणं बरोबर नाही.

"कर कमी करा" ही मागणी आधी बाजूला ठेवतो, कारण त्यात राज्याच्या हातात फार थोडं उरलंय. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला. त्याचा दर जीएसटी परिषदेत ठरतो. तिथं मतांचं एक तृतीयांश वजन केंद्राकडे आणि दोन तृतीयांश सगळ्या राज्यांकडे मिळून आहे, आणि ठरावाला तीन चतुर्थांश वजन लागतं. म्हणजे टॉवेलवरचा किंवा सुतावरचा कर महाराष्ट्राचा अर्थमंत्री एकट्यानं बदलू शकत नाही. त्याच्या हाती राहतात दारूवरचं उत्पादन शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि व्यवसाय कर. व्यवसाय करालाही घटनेनं वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातलेली आहे. कर्जाचंही तसंच. केंद्राचं कर्ज शिल्लक असेल तर कलम 293 नुसार केंद्राच्या संमतीशिवाय नवं कर्ज काढता येत नाही. त्यामुळे राज्यात खुल्या बाजाराची खरी लढाई खर्चाच्या बाजूला आणि नियमांच्या बाजूला आहे.

खर्चाचं चित्र पाहा. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली जमा 5 लाख 60 हजार 964 कोटी आणि महसुली खर्च 6 लाख 6 हजार 855 कोटी दाखवला. महसुली तूट 45 हजार 891 कोटींची. म्हणजे रोजच्या खर्चातल्या दर 100 रुपयांमागे साधारण साडेसात रुपये उसने. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभराची एकूण उसनवारी, 1 लाख 36 हजार कोटींच्या घरात, पण सकल राज्य उत्पन्नाच्या (राज्यातल्या सगळ्या अर्थव्यवस्थेच्या) 3 टक्क्यांच्या आत, म्हणून कायद्याच्या चौकटीत. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुली जमेतला निम्म्याहून जास्त भाग जातो. हा पैसा कुठल्याही विचाराचं सरकार आलं तरी द्यावाच लागतो. "सरसकट 20 टक्के कपात करा" असं कोणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शिपायाचा पगार आणि पाणीयोजनेची दुरुस्ती येते. पगार कापता येत नाही, म्हणून दरवेळी दुरुस्तीच कापली जाते. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं तेव्हा उजनी भरलेलं असूनही असं का, याच्या मुळाशी अशा कापलेल्या आणि लांबलेल्या कामांचाही वाटा असतो.

आता वडिलांचं वीजबिल. ते हातात घेऊन बसा, मी ओळीनं सांगतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, आणि मग अनुदानाची वजा ओळ. या वजा ओळीचं मला काही वाईट वाटत नाही. ती दिसते, तिचा आकडा आहे, विधानसभेत त्यावर मागणी मांडावी लागते. मला त्रास होतो तो वरच्या वीज आकाराचा. त्यात दुसऱ्याची सवलत मिसळलेली असते. उद्योग आणि व्यापारी ग्राहकाकडून खर्चापेक्षा जास्त दर घ्यायचा आणि शेतीपंपाला कमी दरानं द्यायचं, ही क्रॉस सबसिडी वर्षानुवर्षं चालत आलीय. म्हणजे कारखानदाराला एका हातानं जास्त दर लावायचा, तो ओरडला की दुसऱ्या हातानं यंत्रमाग म्हणून सवलत द्यायची. मधल्या फिरवाफिरवीत विजेची खरी किंमत कोणालाच कळत नाही. शेतकऱ्याला कळत नाही, तुमच्या वडिलांना नाही आणि आमदारालाही नाही. खरी किंमत कळत नाही म्हणून नवा, कमी वीज खाणारा माग घ्यावा की जुन्यावर अजून पाच वर्षं काढावीत, हा हिशेबच चुकतो. सोलापुरात जुने माग इतके दिवस टिकले त्यामागे हेही एक कारण आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

गंमत नाही, पण कायद्यात याचा उपाय लिहिलेला आहे. विद्युत कायदा 2003, कलम 65: एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल तर राज्य सरकारनं ती रक्कम आगाऊ भरली पाहिजे. दर वीज नियामक आयोगानं ठरवायचा, मदत सरकारनं बजेटमधून मोजून द्यायची. माझ्या लेखी याहून स्वच्छ खुल्या बाजाराचं कलम शोधून सापडणार नाही. सवलत देऊ नका असं ते कुठंच म्हणत नाही. द्या, पण आपल्या खिशातून, आधी, आणि सगळ्यांना दिसेल अशी, एवढंच म्हणतं. शेतीपंपांसाठी 2024 मध्ये साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत मोफत वीज जाहीर झाली, मार्च 2029 पर्यंत. फुकट वीज मला मान्य नाही, कारण त्यामुळे भूजलाचा उपसा वाढतो आणि सांगोला-मंगळवेढ्यासारख्या कोरड्या तालुक्यांतल्या माणसाला तो अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण तिची रक्कम बजेटमध्ये स्वतंत्र दिसते आणि शेवटची तारीख आहे, एवढी गोष्ट जुन्या पद्धतीपेक्षा बरी.

एक प्रसंग सांगतो. माझ्या ओळखीचे एक कारखानदार दोन महिन्यांची बिलं घेऊन घरी आले. पहिल्यात अनुदानाची ओळ होती, दुसऱ्यात नव्हती. ऑनलाइन नोंदणी अपुरी राहिली म्हणून सवलत थांबली होती. पुढं कागद पूर्ण झाले आणि ती परत सुरूही झाली. पण मधल्या काळात त्यांनी जुन्या हिशेबानं घेतलेली ऑर्डर तोट्यात पुरी केली. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीनं किलोचा हिशेब मांडला होता: सूत, रंग, मजुरी, वीज. विजेसमोरचा आकडा खोडून नवा लिहिलेला, आणि खाली नफ्याच्या जागी वजा चिन्ह. ते मला म्हणाले, "साहेब, सवलत कमी द्या, पण ती आहे का नाही हे मला ऑर्डर घ्यायच्या आधी कळू द्या." तुम्ही जे अर्थशास्त्र शिकताय त्याचा गाभा त्या एका वाक्यात आहे असं मला वाटतं.

भाव वाकवला की काय होतं याचा मोठा धडा आपल्या राज्याकडे आहेच. 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा. शेतकऱ्यानं कापूस फक्त राज्याच्या यंत्रणेलाच विकायचा, हमीभाव ठरलेला. नफा झाला तर मोठा वाटा शेतकऱ्याचा, तोटा झाला तर राज्याचा. अशा व्यवहारात भाव नेहमी वरच ओढला जाणार, हे उघड होतं. बाजार पडला त्या वर्षी तोटा तिजोरीवर, आणि बाजार चढला त्या वर्षी सीमेवरचा शेतकरी रातोरात गाडी शेजारच्या राज्यात नेणार, कारण तिथं रोख मिळायचं आणि इथं चुकाऱ्यासाठी थांबावं लागायचं. शेतकऱ्यानं स्वतःचा कापूस विकणं हा गुन्हा ठरला. 2002 च्या सुमारास एकाधिकार गेला तोवर हजारो कोटींचा तोटा राज्याच्या माथी बसलेला होता. आणि सगळ्यांत जास्त शहाणपणाचं बोलणं याच काळात शेतातून आलं, हे तुम्ही विसरू नका. शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला बसले आणि "भीक नको, हवे घामाचे दाम" ही शेतकरी संघटनेची घोषणा झाली. मराठीत खुल्या बाजाराचा विचार विद्यापीठातून कमी आणि कांद्याच्या वावरातून जास्त आला. वडिलांशी बोलताना इंग्रजी पुस्तकांऐवजी हा धागा धरा, ते ऐकतील.

कोषागारातल्या दिवसांबद्दल एक गोष्ट, कारण पाठ्यपुस्तकात ती नाही. 31 मार्च. संध्याकाळी बीडीएसवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) एका कार्यालयाचं अनुदान उतरलं. रात्री साडेनऊला त्यांचा लेखापाल देयक घेऊन माझ्या टेबलाशी. बारापर्यंत काढलं नाही तर निधी व्यपगत, म्हणजे हातचा गेला. वर्षभर त्या खात्याचा ठेकेदार पैशांसाठी खेटे घालत होता, आणि आता अडीच तासांत सगळं तपासून पास करायचं. अशी देयकं मी शेकड्यानं पाहिली. याचा खुल्या बाजाराशी काय संबंध? सरळ आहे. सरकार हे राज्यातलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. ते वेळेवर पैसे देत नाही हे ठाऊक असलं की ठेकेदार निविदेतच थांबण्याचं व्याज मिळवून दर टाकतो. ज्याच्याकडे थांबायला भांडवल नाही तो छोटा ठेकेदार निविदाच भरत नाही. स्पर्धक कमी, दर जास्त. म्हणजे सरकारनं एक रुपयाही कर वाढवला नाही तरी रस्ता महाग पडला. उद्योगांच्या प्रोत्साहन अनुदानाचं हेच होतं. 1964 पासून राज्यात सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त. कागदावर आकर्षक, पण पैसा चार वर्षांनी येणार असेल तर मोठा उद्योग तो काळ काढू शकतो, बारा मागांचा नाही. तेव्हा मागास भागासाठीची योजना प्रत्यक्षात ज्याला गरज कमी त्याच्याच कामी येते. खासगीकरणाच्या चर्चेआधी "90 दिवसांत देयक, नाहीतर आपोआप व्याज" एवढा नियम काटेकोर पाळला गेला तर मला जास्त आनंद होईल.

इथवरचं एका दमात सांगतो: राज्याच्या हातात कर थोडे, भाव आणि नियम जास्त, मदत द्यायची तर बजेटमधून उघड, आधी, तारखेसह, आणि दिलेला शब्द वेळेवर. आता दोन गोष्टी जिथं माझ्या स्वतःच्या बाजूच्या लोकांशी माझं पटत नाही.

पहिली, जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर महापालिका घ्यायची तो कर. नाक्यावर ट्रकांच्या रांगा, पावतीसाठी घासाघीस, हे सगळं मी पाहिलंय. जकात जायलाच हवी होती. नंतर तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीसाठी बंद झाला आणि जीएसटीनं पुरता संपला. व्यापार मोकळा झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. पण महापालिकेचा स्वतःचा मोठा उत्पन्नस्रोत गेला आणि त्या जागी मुंबईहून महिन्याला येणारी भरपाई बसली, दरवर्षी 8 टक्के वाढ धरून. शहरात व्यापार दुपटीनं वाढला तरी महापालिकेला त्यातलं काही मिळत नाही, आणि आटला तरी तिला जाणवत नाही. कर गोळा करणारा आणि खर्च करणारा यांच्यात अंतर जितकं कमी तितका हिशेब खरा, हे खुल्या बाजाराचंच तत्त्व. ते आपण जकातीबरोबर गमावलं. मालमत्ता कर नीट लावून, नीट वसूल करून शहराला स्वतःच्या पायावर उभं करण्याचं काम त्याच वेळी व्हायला हवं होतं. ते राहिलं, आणि त्याची किंमत आपण रोज मोजतोय.

दुसरी, लाडकी बहीण. माझे अनेक मित्र तिला सरळ रेवडी म्हणतात. मी म्हणत नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या खात्यात महिन्याला 1,500 रुपये येतात आणि ते कुठं खर्चायचे हे ती ठरवते. भाव वाकत नाही, मधे दुकानदार नाही, रेशनची रांग नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्यासारखे कट्टर बाजारवादीसुद्धा गरिबाला थेट रोख मदत द्यावी याच मताचे होते. माझी हरकत वेगळी आहे. 2025-26 मध्ये तिच्यासाठी 36 हजार कोटी ठेवले आणि महसुली तूट 46 हजार कोटींची. म्हणजे यातला मोठा भाग कर्जातून जातो, आणि ते कर्ज त्याच बाईच्या मुलाला फेडायचं आहे. आधीच्या चार योजना बंद करून ही आणली असती तर मी तिची बाजू जाहीरपणे घेतली असती. आपल्याच राज्याचं जुनं उदाहरण याहून जास्त जबाबदारीचं होतं. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमी उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. मदत आणि तिचा पैसा एकत्र जन्माला आले.

ज्या सुधारणांना तिजोरीतला एक पैसाही लागत नाही त्यांच्याबद्दल लोक फार कमी बोलतात. आपला जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर. पण नवा कारखाना काढायचा तर जुन्यापासून 25 किलोमीटर हवाई अंतराची अट. उसाला स्पर्धेतून भाव मिळायचा तर ही भिंत पाडावी लागेल. 2012 मध्ये साखर उद्योगाचा विचार करणाऱ्या रंगराजन समितीनंही अंतराची अट काढावी असंच सुचवलं होतं. उलट सहकारी कारखान्यांच्या कर्जाला राज्यानं दिलेली थकहमी (कारखान्यानं फेडलं नाही तर आम्ही फेडू ही हमी) मात्र तिजोरीला भारी पडते. देताना बजेटमध्ये तिचा खर्च दिसत नाही आणि कारखाना बुडाला की एकदम दिसतो. फळं-भाज्या 2016 मध्ये बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाल्या. त्यासाठी किती मोठी तरतूद लागली? काहीच नाही. डाळिंबवाल्याला बांधावर विकायची मोकळीक मिळाली, इतकंच.

आता तुमच्या बारा मागांचं. गेल्या 12 महिन्यांची बिलं काढा. एकूण युनिट भागिले एकूण किलो टॉवेल, म्हणजे किलोमागे किती युनिट ते निघेल. त्याला युनिटमागच्या सवलतीनं गुणा. हा झाला तुमचा किलोमागचा सवलतीचा आकडा. मग दुसरा आकडा काढा: व्यापाऱ्याकडे तीन-चार महिने अडकणाऱ्या उधारीवर बँकेला द्यावं लागणारं व्याज, तेही किलोमागे. मी ज्या तीन कारखान्यांचे हिशेब बघतो त्यांपैकी दोघांत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघाला. त्यांना वीज सवलतीपेक्षा उधारी लवकर मोकळी होणं जास्त लाभाचं होतं, आणि हे त्यांना मांडल्यावर कळलं. तिसऱ्याचे माग फार जुने, युनिट जास्त जळतात. त्याची सवलत एकदम काढली तर तो बुडेल आणि त्याच्याबरोबर चौदा कामगारही. त्याच्यासाठी मी पाच वर्षांत दरवर्षी एक पंचमांश कमी होणारी सवलत आणि त्याच पाच वर्षांत नव्या मागासाठी कर्ज, असं मागेन. तारखा आधी जाहीर आणि पैसा कलम 65 प्रमाणे आगाऊ भरलेला.

तुम्ही त्या पहिल्या दोन कारखान्यांसारखे आहात की तिसऱ्यासारखे हे आकडे निघाले की लगेच दिसेल. वडिलांना बरोबर घेऊनच बसा, किलोचा हिशेब त्यांना तोंडपाठ असेल. सवलतीसह आणि सवलतीशिवाय बिल मांडून पाहाल तेव्हा इंधन समायोजन आणि वीज शुल्क दोन्हीकडे सारखंच धरा, नाहीतर तुलना फसते. अडलात तर बिलाचे आकडे इथं टाका, ग्राहक क्रमांक झाकून. मी बघून सांगतो.